फाटकावरचा कॅमेरा : निवड, मांडणी व मर्यादा

(संस्थेच्या रविवारच्या व्याख्यानमालेत सभासद व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आजवर कायदा, आरोग्य, शिष्यवृत्ती, स्पर्धा परीक्षा अशा विषयांवर जाणकारांनी आपणांस मार्गदर्शन केले आहे. आज कार्यकारिणीने घराबाहेर लावायच्या कॅमेऱ्यासारखा रूक्ष विषय आमच्याकडे सोपविला. आम्ही तंत्रज्ञ नव्हे. कला शाखेची पदवी घेतली आणि बँकेत लिपिक म्हणून चिकटलो, एवढेच आमचे भांडवल. परंतु बँकेत काउंटरवर बसणाऱ्याच्या डोक्यावर दिवसभर कॅमेरा असतो, आणि एखाद्या ग्राहकाने रक्कम कमी भरल्याची वा जास्त दिल्याची तक्रार केली की त्याच कॅमेऱ्याचे चित्रण काढून पाहावे लागते. त्यामुळे कॅमेऱ्यात काय दिसते आणि काय दिसत नाही, याचा थोडा अनुभव गाठीशी जमला आहे. तोच आपल्यापुढे ठेवतो.

आपल्या वस्तीतील पुष्कळ घरांत आज नवरा-बायको दोघेही कामावर जातात, मुले शाळा-शिकवणीला जातात आणि घराला दिवसभर कुलूप असते. नाहीतर घरी एकटी आजी असते. नागपूरच्या उन्हाळ्यात तर रात्रीही परिस्थिती फारशी वेगळी नसते. कूलरच्या घरघरीत फाटकाची कडी वाजली तरी आतल्या माणसाला ऐकू येत नाही. सकाळी उठून पाहावे तो अंगणातली सायकल नाही, मोटरपंप नाही. असे झाले की दुसऱ्या दिवशी आजूबाजूची चार घरे कॅमेऱ्याची चौकशी करू लागतात. चौकशीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "किती मेगापिक्सेलचा घ्यावा?" आमच्या मते हा तिसरा किंवा चौथा प्रश्न आहे. या कॅमेऱ्याकडून आपल्याला नेमके कशाचे उत्तर हवे आहे, हे आधी ठरवावे.

घरगुती कॅमेऱ्याची कल्पना ज्या बाईंना सुचली, त्यांनी हे आधी ठरविले होते. मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन हे त्यांचे नाव. न्यूयॉर्क शहरातील क्वीन्स भागात राहणाऱ्या या कृष्णवर्णीय परिचारिका. त्यांच्या कामाच्या वेळा आडनिड्या, पती इलेक्ट्रॉनिक्सचे तंत्रज्ञ, त्यांच्याही वेळा तशाच. वस्तीत गुन्हे वाढलेले, आणि पोलिसांना बोलावले तर ते वेळेवर येतील याची शाश्वती नाही. रात्री एकटे असताना दारावर थाप पडली तर दार न उघडता बाहेर कोण आहे हे कळावे, एवढीच त्यांची गरज होती. पती-पत्नींनी मिळून दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार छिद्रे पाडली. त्यांच्या मागे वर-खाली सरकणारा कॅमेरा ठेवला, म्हणजे उंच माणूस असो की लहान मूल, चेहरा दिसावा. चित्र आतल्या खोलीत पडद्यावर दिसे, बाहेरच्याशी बोलता येई, ओळखीचा असेल तर दुरूनच दार उघडता येई आणि संशय आला तर धोक्याची सूचना देण्याचीही सोय होती. १९६६ मध्ये त्यांनी अर्ज केला आणि २ डिसेंबर १९६९ रोजी त्यांना अमेरिकेचे पेटंट मिळाले. ज्यांच्या वस्तीकडे यंत्रणेचे लक्ष नव्हते अशा एका नोकरदार बाईने स्वतःच्या अडचणीतून काढलेली ही वाट आहे, हे विद्यार्थिनींनी मुद्दाम लक्षात ठेवावे. दुसरी गोष्ट अशी, की चेहऱ्याच्या उंचीला कॅमेरा हे त्यांच्या रचनेचे मर्म होते. आज आपण कॅमेरा गच्चीच्या टोकाला टांगतो आणि नेमके हेच मर्म गमावतो.

आता थोडे गणित. २ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे चित्र आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपक्यांचे असते. स्वस्त कॅमेऱ्यात बहुधा २.८ मिलिमीटरची लेन्स बसविलेली असते, आणि ती सुमारे १०० अंशांचा रुंद देखावा टिपते. मग कॅमेऱ्यापासून १० मीटर अंतरावर हा देखावा किती रुंद झाला? दहावीच्या विद्यार्थ्यांनी त्रिकोणमितीने काढून पाहावे : जवळजवळ २४ मीटर. १९२० ठिपके २४ मीटरवर पसरले म्हणजे एका मीटरच्या वाट्याला ८० ठिपके आले. माणसाचा चेहरा साधारण १६ सेंटिमीटर रुंद धरला तर त्या चेहऱ्याला मिळाले जेमतेम १३ ठिपके. तेरा ठिपक्यांत नाक कोणते आणि मिशी कोणती?

या क्षेत्रात आय.ई.सी. ६२६७६-४ नावाचे एक आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. त्याच्या २०१४ च्या आवृत्तीनुसार तेथे माणूस आहे एवढे कळण्यास मीटरला २५ ठिपके पुरतात, ओळखीचा माणूस ओळखण्यास १२५ लागतात, आणि अनोळखी माणसाची ओळख खात्रीने पटविण्यास २५० लागतात. वरच्याच कॅमेऱ्याला हे आकडे लावले तर ओळखीचा माणूस सुमारे साडेसहा मीटरपर्यंत, म्हणजे २१ फुटांपर्यंत ओळखता येतो. अनोळखी माणसाचा चेहरा मात्र सव्वातीन मीटरच्या आतच, म्हणजे दहा-साडेदहा फुटांवरच उपयोगी पडतो. हेही भर दिवसा, स्वच्छ उजेडात. रात्री याहून कमी.

मग दुप्पट मेगापिक्सेल घेतले तर? ४ मेगापिक्सेलचे चित्र बहुधा २५६० ठिपके रुंद असते. १९२० वरून २५६०, म्हणजे वाढ एक तृतीयांश. सव्वातीन मीटरचे झाले सव्वाचार मीटर. जाहिरातीत दुप्पट दिसणारी गोष्ट भिंतीवर गेली की साडेतीन फुटांनी वाढते. त्याऐवजी २ मेगापिक्सेलचाच कॅमेरा ६ मिलिमीटर लेन्सचा घेतला तर देखावा सुमारे ५० अंशांपर्यंत आवळतो, आणि तेच २५० ठिपके आठ मीटरपर्यंत मिळतात. बाजूचे दिसत नाही, पण फाटक स्वच्छ दिसते. लेन्सचा आकडा खोक्यावर बारीक अक्षरात छापलेला असतो. दुकानदार तो सहसा सांगत नाही, आपण विचारावा.

आपल्याकडच्या लेआऊटमधील ३० बाय ५० चा प्लॉट डोळ्यांसमोर आणा. पोर्चच्या खांबापासून फाटक आठ-दहा फुटांवर असते. अशा घराला २.८ची लेन्स व २ किंवा ३ मेगापिक्सेल पुरेसे आहेत, फक्त कॅमेरा खांबावर आठ-नऊ फूट उंचीवर असला पाहिजे. पंधरा फुटांवर लावला तर टोपी, टक्कल आणि खांदे यांचेच चित्रण होते. त्याहून खाली लावला तर हात पोचतो आणि कॅमेराच जातो. अंगण खोल असेल, किंवा गल्लीच्या तोंडाशी असलेले फाटक पाहायचे असेल, तर ४ अथवा ६ मिलिमीटर. एकाच कॅमेऱ्याने अंगण, गल्ली, समोरचा चौक आणि शेजारची भिंत असे सारे पाहण्याचा मोह धरू नये. बँकेतसुद्धा रोखपालाच्या हातावरचा कॅमेरा वेगळा आणि दालनाचा वेगळा असतो.

प्रकार तीन सांगता येतील. पहिला, भिंतीतल्या प्लगवर चालणारा आणि घरातल्या वाय-फायला जोडणारा कॅमेरा, ज्याच्या पोटात मेमरी कार्ड बसते. दुसरा, तारेने जोडलेले चार-आठ कॅमेरे आणि घरात ठेवलेली चित्रण-पेटी, जिला डी.व्ही.आर. किंवा एन.व्ही.आर. म्हणतात. तिसरा, बॅटरीवर किंवा छोट्या सौर पट्टीवर चालणारा. यात मोबाइलचे सिमकार्ड घालण्याचीही सोय असलेले प्रकार मिळतात. तिसऱ्याविषयी थोडक्यात सांगतो. बॅटरी वाचविण्यासाठी यांपैकी बहुतेक कॅमेरे झोपलेले असतात आणि हालचाल जाणवली की जागे होतात. जागे होईपर्यंत माणूस फाटकातून निघून गेलेला असू शकतो. शिवाय सिमकार्डाचा महिन्याचा खर्च वेगळा. शेतावरच्या खोलीला किंवा वीज नसलेल्या प्लॉटला हा ठीक. राहत्या घराला आम्ही सुचविणार नाही.

राहिले दोन. घरात ब्रॉडबँड असेल आणि एक-दोन जागाच पाहायच्या असतील तर वाय-फायचा कॅमेरा सोयीचा. चांगल्यापैकी कॅमेरा दोन ते चार हजारांत येतो, कार्ड व फिटिंग निराळे. घरात इंटरनेटच नसेल तर मात्र लोक उगाच हताश होतात. तारेचे कॅमेरे आणि पेटी यांना चित्रण साठविण्यासाठी इंटरनेट लागत नाही. कार्यालयात बसून मोबाइलवर घर पाहता येणार नाही, एवढेच. पण चोरी झाल्यावर जे लागते ते पेटीत असतेच. दोन मजले, तीन भाऊ आणि एकच फाटक अशा एकत्र घराला वर्गणी काढून पेटीची पद्धत दीर्घकाळात स्वस्त पडते. हप्त्यावर घेऊ नये, हे आम्ही बँकेत असूनही सांगतो. सहा महिने थांबून आवर्त ठेवीत पैसे जमवावेत आणि रोख घ्यावा.

वाय-फायचा कॅमेरा घेण्यापूर्वी एक फुकटची चाचणी करावी. कॅमेरा जेथे बसवायचा तेथे शिडीवर उभे राहून, घराचे दार लावून, मोबाइलचा डेटा बंद करून केवळ घरच्या वाय-फायवर एखादे चलच्चित्र पाहावे. ते अडखळत असेल तर कॅमेराही अडखळणार. पुष्कळसे स्वस्त कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणून मोबाइल त्याच जाळ्यावर जोडून पाहावे. काँक्रीटची भिंत आणि लोखंडी दार या लहरींना फार अडवितात. राउटर दोन खोल्या पुढे सरकविला की निम्म्या तक्रारी मिटतात.

चित्रण किती दिवसांचे राहील याचाही हिशेब करावा. कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट लिहीत असेल तर दिवसाला २१.६ गिगाबाइट होतात. १२८ गिगाबाइटच्या कार्डात ते पाच-साडेपाच दिवस पुरते. एच. २६५ या नव्या पद्धतीने साठविले तर जागा साधारण निम्मी लागते, म्हणजे दहा-अकरा दिवस. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये लॉकरच्या दालनांसाठी बँकांना किमान १८० दिवसांचे चित्रण जपण्यास सांगितले. तो नियम बँकेचा, घराला आठ-दहा दिवस भरपूर झाले. मात्र दिवाळीत वा उन्हाळ्याच्या सुट्टीत पंधरा दिवस गावी जाणाऱ्यांनी मोठे कार्ड घालावे, नाहीतर परत येईपर्यंत पहिल्या आठवड्याचे पुसले गेलेले असेल. कार्ड सतत लिहिण्यासाठी बनविलेले, ज्यावर 'एन्ड्युरन्स' असे छापलेले असते, तेच घ्यावे आणि बिलासह घ्यावे. कंपनीच्या दूरस्थ साठवणीचे मासिक भाडे भरावे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. कार्डासकट कॅमेराच चोरीला गेला तर ते कामी येते हे खरे. पण ते भरले नाही तर कॅमेरा चालतो का, हे घेतानाच विचारून ठेवावे.

रात्रीचा विषय निराळा आहे. अंधारात कॅमेरा स्वतःचे अवरक्त दिवे लावतो आणि चित्र कृष्णधवल होते. निळा सदरा आणि लाल सदरा मग सारखेच दिसतात. जवळ आलेला चेहरा पांढरा फटक पडतो. हे दिवे किड्यांना बोलावतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि भिंगासमोर विणलेले जाळे उजेडात असे चमकते की चित्रात दुसरे काही उरत नाही. त्या मागे पाल येते ती वेगळीच. दर पंधरा दिवसांनी मऊ फडक्याने कॅमेरा पुसणे हे कामाचे आहे. आणखी एक स्वस्त उपाय म्हणजे फाटकावर ९ वॅटचा साधा एल.ई.डी. दिवा. रोज १२ तास लावला तरी महिन्याला सव्वातीन युनिट होतात. उजेड असला की रंग राहतो आणि चेहरा राहतो. आमचे तर स्पष्ट मत आहे, की हजार-दीड हजार जास्त देऊन महागडा कॅमेरा घेण्याआधी फाटकावर दिवा लावून पाहावा. पुष्कळदा कॅमेऱ्याची गरजच उरत नाही.

आता भिंतीवरचे काम. बाहेर लावायच्या कॅमेऱ्यावर आय.पी. ६६ किंवा ६७ लिहिलेले असावे. पहिला ६ धुळीचा, दुसरा आकडा पाण्याचा : ६ म्हणजे पाण्याचा जोराचा फवारा सोसतो, ७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी तग धरतो. पण हा आकडा कॅमेऱ्याच्या अंगाचा आहे, त्याच्या शेपटीचा नव्हे. तारेचे जोड उघडे ठेवले तर पहिल्या पावसात पाणी तेथूनच शिरते. म्हणून जोड प्लास्टिकच्या बंद डबीत घ्यावेत, भिंतीतले छिद्र बाहेरच्या बाजूला उतरते पाडावे, तार आत जाण्यापूर्वी खाली एक वळसा द्यावा म्हणजे थेंब तेथून गळून जातो, आणि ॲडॉप्टर नेहमी घराच्या आत ठेवावा. पाऊस सोडला तर आपल्या नागपुरात दुसरा शत्रू ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि अनेक कॅमेऱ्यांची मर्यादा ५० अंशांची असते. पश्चिमेच्या उन्हात तापलेल्या भिंतीवर धातूचा डबा ही मर्यादा सहज ओलांडतो. सज्जाखाली, सावलीत लावावा. मावळतीकडे तोंड करून लावला तर दुपारनंतर चित्रात केवळ झळाळी दिसते. कूलरच्या खिडकीजवळही लावू नये. ओल आणि थरथर दोन्ही वाईट.

वीज गेली की कॅमेरा गेला, आणि कॅमेरा चालू राहून राउटर बंद पडला तरी मोबाइलवर काही येत नाही. छोटा यू.पी.एस. बसवायचा तर दोघांनाही जोडावा. वादळी पावसात विजेच्या झटक्याने पेट्या जळतात, तेव्हा घराचे अर्थिंग तपासून घ्यावे. शिडीवर चढून कोन ठरविण्याचे काम घरच्या कॉलेजकुमारांनी खुशाल करावे. मेन लाइनला हात मात्र वायरमननेच लावावा.

भिंतीवर चढला म्हणजे काम झाले असे समजून लोक येथेच थांबतात, आणि खरा धोका येथून सुरू होतो. कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवणे म्हणजे कुलूप लावून किल्ली कडीला अडकविणे. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या एका घातक प्रणालीने जगभरातील असे उघडे कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांच्या जोरावर इंटरनेटच्या एका मोठ्या सेवेवर हल्ला करून अमेरिकेतील अनेक संकेतस्थळे काही तास बंद पाडली. ज्यांच्या भिंतीवर ते कॅमेरे होते त्यांना याचा पत्ताही नव्हता. ते दूरचे झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोट येथील एका प्रसूती रुग्णालयातील स्त्रियांच्या तपासणीचे चित्रण समाजमाध्यमांवर विकले जात असल्याचे उघडकीस आले. या प्रकरणात पकडलेल्यांत आपल्या महाराष्ट्रातील लातूर व सांगलीचेही तरुण होते. त्या यंत्रणेला 'ॲडमिन१२३' असा पासवर्ड होता, असे पुढे प्रसिद्ध झाले. ज्या बायांचे ते चित्रण होते, त्यांच्या जागी आपल्या घरातील कोणी कल्पून पाहावे.

म्हणून पहिल्याच दिवशी पासवर्ड बदलावा, लांब ठेवावा, घराच्या वाय-फायचा व कॅमेऱ्याचा एकच ठेवू नये. मोबाइलवर दुसरा संकेतांक मागण्याची सोय असेल तर चालू करावी. कॅमेरा बसवून देणाऱ्याने स्वतःच्या मोबाइलवर खाते उघडून जोडणी केली असेल तर ते खाते काढून टाकून आपल्या नावाचे करावे. तो माणूस भला असतोच, पण त्याचा मोबाइल हरवू शकतो. घराच्या आत, विशेषतः झोपण्याच्या खोलीत, इंटरनेटला जोडलेला कॅमेरा असूच नये असे आम्हांला वाटते. ९ एप्रिल २०२५ पासून भारतात सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षिततेच्या आवश्यक कसोट्या लागू झाल्या आहेत. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेची चाचणी आणि भारतीय मानक ब्युरोची नोंदणी लागते. खोक्यावर मानक चिन्ह व 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक नसेल तर तो माल कितीही स्वस्त असला तरी परत करावा.

यानंतर जे सांगायचे आहे त्यासाठीच खरे म्हणजे आम्ही हा विषय स्वीकारला. कॅमेरा कोणाकडे पाहतो?

आपल्या गल्ल्या अरुंद आहेत. एका घराचा कॅमेरा समोरच्या घराच्या दारात सहज डोकावतो. तेथे कोणी नळावर भांडी घासते, कोणी केस वाळवीत बसते, कोणाच्या मुलीला कोण सोडायला येते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले आहे. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला लागू होत नाही, हे खरे. पण भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ स्त्रीच्या खाजगी क्षणांच्या चित्रणाला गुन्हा मानते, आणि तेथे घरगुती कॅमेरा ही सबब चालत नाही. कायद्याचे सोडा, शेजाऱ्याला विचारून लावला तर पुढची कटकट वाचते. कॅमेरा बसविला की समोरच्या काकूंना बोलावून मोबाइलवर चित्र दाखवावे. त्यांचे दार दिसत असेल तर कोन बदलावा, नाहीतर तेवढा भाग काळा करण्याची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते, ती वापरावी. संस्थेच्या वाचनालयासारख्या ठिकाणी तर ती घरगुती सवलतही मिळण्यासारखी नाही. तेथे पाटी लावावी आणि चित्रण कोण पाहणार हे ठरावात लिहावे.

दुसरा भाग याहून नाजूक आहे. फाटकासमोरून दिवसभरात जी अनोळखी माणसे जातात ती कोण असतात? भंगार गोळा करणारा, कचरा वेचणारी बाई, चादरी विकणारा, पत्ता चुकलेला पोरगा. कॅमेऱ्याचे ॲप यांच्या प्रत्येक फेरीला घंटी वाजविते, आणि घंटी वाजली की मनात संशय जागा होतो. चोरी झाली की त्या दिवसाच्या चित्रणातला सर्वांत फाटका माणूस आपण चोर ठरवितो, त्याचे छायाचित्र काढतो आणि 'सावधान' म्हणून वस्तीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकतो. दहा मिनिटांत ते शंभर गटांवर जाते. परत बोलावता येत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना, मुले पळविणारी टोळी समजून, जमावाने ठेचून मारले. ती भिक्षा मागून पोट भरणारी माणसे होती. तेथे कॅमेरा नव्हता, मोबाइलवर फिरणारी अफवा होती. पण फाटक्या कपड्यांवरून माणूस पारखण्याची जी सवय त्या अफवेच्या मुळाशी होती, तीच आपल्या हातात कॅमेरा आल्यावर अधिक धारदार होते. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केवळ वेशीबाहेरचा म्हणून संशय सोसला, त्या समाजाच्या घरावरचा कॅमेरा दुसऱ्या दुबळ्यावर रोखला जाऊ नये, अशी आमची विनंती आहे. घंटी फाटकाच्या आत पाऊल पडल्यावरच वाजेल अशी रेषा ॲपमध्ये आखता येते. रस्ता त्या रेषेबाहेर ठेवावा. चित्रण गटावर टाकू नये. पोलिसांकडे द्यावे.

पोलिसांकडे ते कसे द्यावे, हेही सांगतो, कारण त्यातच पुष्कळांची मेहनत वाया जाते. याबाबतचा मोठा निकाल आपल्याच राज्यातून गेलेला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाला होता की नाही, हा वाद कैलास गोरंट्याल यांनी न्यायालयात नेला, आणि निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील व्हिडिओ चित्रण हा त्यात कळीचा पुरावा ठरला. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निर्णय देताना स्पष्ट केले, की मूळ उपकरणच न्यायालयात हजर केले नसेल तर चित्रणाच्या प्रतीसोबत कायद्यातील प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ही तरतूद कलम ६३ मध्ये आली आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग असतात. एक चित्रण देणाऱ्याने भरावयाचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात 'हॅश' नावाची संख्या नोंदवावी लागते. चित्रणाच्या फाइलमध्ये एका ठिपक्याचा फेरफार झाला तरी ती संख्या बदलते.

तेव्हा घटना घडली की प्रथम चित्रण पुसले जाण्यापूर्वी वेगळे काढून ठेवावे. पडद्याचे मोबाइलने पुन्हा चित्रण करू नये, फाइलच उतरवावी. ती कापू नये, तीवर बाण काढू नयेत, व्हॉट्सॲपवरून पाठवू नये, कारण पाठविताना ती दाबली जाऊन बदलते. कॅमेऱ्यावरील घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा मागे-पुढे असेल तर किती मिनिटांनी, हे त्याच वेळी कागदावर लिहून ठेवावे. घड्याळ पुढे-मागे असल्यामुळे चांगले चित्रणही वादात सापडते, म्हणून महिन्यातून एकदा ते पाहण्याची सवय ठेवावी. प्रत पेनड्राइव्हवर घालून पोलीस ठाण्यात अर्जासोबत द्यावी आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. तपास अधिकाऱ्यांनी मूळ कार्डच मागितले तर पंचनामा करूनच द्यावे, पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी, आणि कॅमेऱ्यात त्याच दिवशी दुसरे कार्ड घालावे.